पाणबुड्याचे प्रमाणपत्र आणि घाटमाथ्यावरील पाणी

दि. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध सुरू असता राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित दलावर जेथे असा प्रसंग ओढवतो, तेथे हौसेने पाणबुडेपण शिकलेल्या तरुणाने आपल्या प्रमाणपत्राचा नेमका अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

राज्यात या विद्येचे शिक्षण तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात मिळते. 'पाडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात उमेदवारास २०० मीटर पोहावे आणि १० मिनिटे तरंगावे लागते. त्यानंतर बंदिस्त पाण्यातील सराव व खुल्या पाण्यात चार बुड्या. उत्तीर्ण झालेल्यास जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरता येते. पाठीवरील नळकांड्यात शुद्ध प्राणवायू असतो, ही समजूत चुकीची आहे; त्यात दाबून भरलेली साधी हवाच असते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास कोंडून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा दुपटीने फुगू पाहते. म्हणून श्वास कधीही रोखू नये, हा पहिला धडा.

या प्रमाणपत्राची मुदत कधीच संपत नाही. शिक्षकाला मात्र दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कागद ताजा राहतो, हात विसरतात. म्हणून दीर्घ खंडानंतर उजळणीची शिफारस केली जाते. आमच्या मते ती सक्तीची मानावी. शिवाय गढूळ, वाहत्या पाण्यातील शोधकार्य ही निराळीच विद्या आहे. पर्यटकाच्या प्रमाणपत्रावर कोणासही नदीत उतरवू नये.

अहिल्यानगरच्या वाचकांसाठी आणखी एक बाब. ३०० मीटरहून अधिक उंचीवरील बुडी 'उंचावरील बुडी' गणली जाते. नगर शहर सुमारे ६५० मीटरवर, भंडारदरा त्याहूनही उंच. पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना सावकाश बाहेर पडावा लागतो. माथ्यावर हवेचा दाबच कमी असल्याने त्याचे बुडबुडे लवकर होतात. समुद्रकाठी शिकलेली खोली व वेळेची कोष्टके येथे जशीच्या तशी चालत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.

हाच नियम परतीच्या प्रवासालाही लागतो. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, अशी शिफारस आहे. ती ६०० मीटरपासूनच्या उंचीसाठी आहे. तारकर्लीस सकाळी बुडी घेऊन त्याच दिवशी मोटारीने घाट चढून नगरला येणाऱ्यांनी आपला मुक्काम एका रात्रीने वाढवावा.