सहा बिऱ्हाडांचा वाडा आणि त्याचे शेजारी

(पालकांसाठी सूचना : धडा वाचताना जवळ नकाशा ठेवावा.)

मुलांनो, आजीआजोबांकडून तुम्ही जुन्या वाड्यांविषयी ऐकले असेल. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, प्रत्येकाची चूल वेगळी, पण दिंडीदरवाजा एकच. आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे, ओसरीवर बसवायचे की माजघरात न्यायचे, हे सगळ्यांना मिळून ठरवावे लागे.

आपण राहतो तो देशही अशाच एका वाड्यातला आहे. २५ मे १९८१ रोजी अबू धाबी येथे संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांनी ‘आखाती सहकार्य परिषद’ स्थापन केली. तेव्हा शेजारच्या इराण आणि इराक यांच्यात युद्ध पेटलेले होते. आग आपल्या दारापर्यंत येऊ नये, ही काळजी सहाही घरांना होती. परिषदेत महत्त्वाचे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. म्हणून ते सावकाश होतात.

आता शेजारी पाहू.

इराण : अमिरातीची स्थापना २ डिसेंबर १९७१ ची. त्याच्या दोनच दिवस आधी अबू मूसा, मोठे तुंब आणि छोटे तुंब या बेटांवर इराणचे सैन्य उतरले. हा वाद शांततेने, थेट बोलणी करून किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयात सोडवावा, अशी मागणी परिषद आपल्या बैठकांतून वारंवार करत आली आहे. पण वाद आहे म्हणून बोलणेच बंद, असे झाले नाही. डिसेंबर २००७ मध्ये दोहा येथील शिखर बैठकीला इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद पाहुणे म्हणून आले होते.

इराक : २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली. वाड्यातल्या एका घरावरच घाला पडला! कुवेतमधले दीड लाखाहून अधिक भारतीय घरदार सोडून निघाले. बहुतेकांनी इराकमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान गाठली आणि तेथून विमानाने ते मुंबईला पोचले. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाला, पण इराकसाठी वाड्याचे दार बंद झाले.

येमेन : त्या संकटात येमेनने परिषदेच्या देशांची बाजू घेतली नाही. सौदी अरेबियाने येमेनी कामगारांच्या खास सवलती काढून घेतल्या आणि लाखो येमेनींना परतावे लागले. राजधान्यांमध्ये भांडण झाले, पण सामान ज्यांनी बांधले ते साधे कामकरी लोक होते. पोटासाठी परमुलखात आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हे विसरू नये.

मग बंद दार उघडले कसे? एकदम नाही, हळूहळू. डिसेंबर २००१ मध्ये मस्कतच्या बैठकीत येमेनला आरोग्य, शिक्षण, कामगार या विषयांच्या समित्यांत आणि ‘आखाती चषक’ फुटबॉल स्पर्धेत घ्यायचे ठरले. पूर्ण सभासदत्व मात्र दिले नाही. म्हणजे माजघरात नाही, पण ओसरीवर नक्की! इराकचा संघही २००४ मध्ये या स्पर्धेत परतला. जानेवारी २०२३ मध्ये तर हीच स्पर्धा इराकमधील बसरा शहरात भरली. ज्या कुवेतवर इराकने स्वारी केली होती, त्याचा संघही तेथे खेळला. अंतिम सामन्यात इराकने ओमानला ३-२ असे हरवले.

फुटबॉलने सीमेचे वाद मिटत नाहीत, हे खरे. पण शेजारी बदलता येत नाही. म्हणून हक्काची गोष्ट ठामपणे सांगायची आणि बसायला ओसरीही मोकळी ठेवायची. आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात.

शब्दार्थ
बिऱ्हाड – एका कुटुंबाची राहण्याची जागा
दिंडीदरवाजा – मोठ्या दारातला छोटा दरवाजा
ओसरी – घरापुढची बसण्याची जागा
माजघर – घराची मधली, घरच्यांची खोली
घाला – अचानक हल्ला

स्वाध्याय
१. परिषदेच्या सहा देशांची नावे व राजधान्या लिहा.
२. येमेनला ‘ओसरीवर’ बसवले, असे का म्हटले आहे?
३. कुवेतहून अम्मानपर्यंतची वाट नकाशात बोटाने दाखवा.
४. १९९० साली आखातात असलेल्या ओळखीच्या काकाकाकूंना त्या दिवसांविषयी विचारा आणि पाच वाक्ये मराठीत लिहून आणा.