काचेच्या बशीला लाकडी घोडी

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. धरणापायी कितीतरी गावे उठली. लोकांनी दारे, चौकटी, फळ्या नव्या गावठाणात नेल्या. कोणी लग्नात आलेली रंगीत काचेची बशीही जपून नेली. अशी बशी कोनाड्यात नुसती टेकवली, तर मांजराच्या एका धक्क्याने फुटेल. मग जुन्या घराची खूण गेलीच म्हणा! घागरीला जशी घडवंची, तशी बशीला घोडी हवी. ती कशी करायची, ते आम्ही सांगतो.

लाकूड कोणते? जुन्या सागवानी फळीचा तुकडा घ्या. तो चांगला वाळलेला असतो. ओले लाकूड वाळताना आकसते, पिळते. काच मात्र वाकत नाही, ती तडकते. करवत लावण्याआधी जुने खिळे काढा बरे!

मापे वहीत लिहा. बशी २० सेंटीमीटर रुंद आहे, असे धरू.

खालची फळी : लांबी १८, रुंदी १५, जाडी २ सेंटीमीटर.
मागची फळी : उंची १४, रुंदी १२, जाडी दीड सेंटीमीटर.
दोन ठोकळे : लांबी ५, रुंदी २, उंची ३ सेंटीमीटर.

आता कामाला लागू. मागच्या फळीची खालची कड रंध्याने तिरपी करा, म्हणजे फळी थोडी मागे झुकेल. खालच्या फळीवर मागून ६ सेंटीमीटर जागा सोडून ती उभी करा. आधी गिरमिटाने भोके पाडा, मग खालून दोन स्क्रू पिळा. भोक न पाडता पिळले, तर लाकूड चिरते. वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. तो खालच्या फळीवरच पडला पाहिजे. बाहेर पडला, तर घोडी मागे उलटेल.

दोन्ही ठोकळे मागच्या फळीपुढे, एकमेकांपासून १० सेंटीमीटरवर ठेवा. बशी फळीला टेकवून धरा. तिची कड ठोकळ्यावर जिथे येते, तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथे १ सेंटीमीटर खोल खाच पाडा. खाच कडेपेक्षा थोडी रुंद असू द्या, आत कापडाची पट्टी चिकटवायची आहे. मग ठोकळे स्क्रूने बसवा. दोन खाचांमुळे गोल बशी घरंगळत नाही, पुढेही सरकत नाही.

लगेच काच ठेवू नका. आधी तेवढीच स्टीलची ताटली ठेवा आणि घोडी हलवून पाहा. ताटली पडली, तर फुटणार नाही. ती पक्की बसली, की लाकडाला जवसाचे तेल पुसा. तेलाचा बोळा गोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.

शेवटी घोडीच्या तळाशी जुन्या गावाचे नाव आणि साल लिहा. अक्षर तुमचेच असू द्या. नातवंडे ते वाचतील.