ठासणीची बंदूक : अस्सल, नक्कल आणि भाव

जुन्नर आणि आंबेगाव भागात जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्या बांधवांपुढे ठासणीची बंदूक कधी ना कधी येतेच. कधी ती वाड्याच्या माळ्यावरून निघालेली असते, कधी पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेली, तर कधी नवी बनवून जुनी भासवलेली. लोहार, सुतार व पितळकाम करणाऱ्या कारागिरांकडेही शोभेच्या बंदुकीची मागणी येऊ शकते. शिवनेरीच्या वाटेवरचे एखादे हॉटेल, शिवजयंतीची मिरवणूक, नारायणगावच्या तमाशा फडातला ऐतिहासिक वग, अशी गिऱ्हाइके आपल्या दारातच आहेत.

या मालात नफा आहे. पण भाव ठरवताना चुकले तर पैसे जातात, आणि मालाची जात ओळखताना चुकले तर माणूस तुरुंगात जातो. म्हणून आधी जात, मग कायदा आणि शेवटी भाव, असा क्रम आम्ही या धड्यात ठेवला आहे.

जात कशी ओळखावी?

एका वेळी एकच बार उडवणारी, सोरा, गंधक व कोळशाच्या काळ्या दारूवर चालणारी ती एकबारी बंदूक. बार पेटवण्याच्या रीतीवरून तिचे प्रकार पडतात. पहिली तोड्याची. जळती वात घोड्यात अडकवलेली असते आणि चाप ओढला की ती रंजकाच्या वाटीत टेकते. दुसरी चकमकीची. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते. तिसरी टोपीची. ही टोपी ब्रिटिश फौजेत १८४० च्या सुमारास रुळली. हे तीनही प्रकार तोंडाकडून दारू भरून गजाने ठासण्याचे आहेत. चौथा प्रकार मागून काडतूस भरण्याचा. १८६६ ची स्नायडर व १८७१ ची मार्टिनी-हेन्री या त्यातल्या आपल्याकडे ठाऊक असलेल्या रायफली.

नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक, आणि आत पिळाच्या खाचा असतील तर रायफल. १८५७ च्या काडतुसांमुळे गाजलेली एनफील्ड ही १८५३ च्या नमुन्याची रायफल. तिची नळी ३९ इंच, भोक ०.५७७ इंच आणि आत तीन खाचा. बंडानंतर हिंदी शिपायांना तशाच दिसणाऱ्या, पण गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. तेव्हा केवळ बाहेरचे रूप पाहून 'एनफील्ड रायफल' म्हणून भाव सांगू नये. नळीत उजेड टाकून पाहावे.

यापुढची विभागणी व्यापाऱ्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. पहिला माल अस्सल जुना. दुसरा चालती नक्कल, म्हणजे अलीकडे बनलेली पण खरोखर बार उडवणारी. इटलीतल्या गार्दोने गावची, १९५७ मध्ये स्थापन झालेली पेदेरसोली कंपनी अशा नकला बनवते. इंग्लंडच्या पार्कर-हेलने एनफील्डची नक्कल मूळ मापांवरून बनवली होती. तिसरा माल शोभेचा, जो उडत नाही आणि उडू शकणारही नाही. या तिन्हींचे भाव एकमेकांशी लावून पाहणे म्हणजे सोने, चांदी आणि मुलामा एकाच तागडीत तोलणे होय.

नक्कल उघडी पाडणाऱ्या खुणा

१) नळी. आत डोकावल्यावर सरळ शिवण दिसली तर ती बाजारातली वेल्डिंगची नळी समजावी. जुन्या जौहरदार नळीची नक्षी लोखंडाच्या पिळातूनच उमटलेली असते. नकलेत ती तेजाबाने किंवा रंगाने वरवर काढलेली असते.

२) गंज. तेजाबाचा गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो. वर्षानुवर्षांचा गंज काळपट तपकिरी असतो आणि जिथे हात लागतो तिथे घासून गेलेला असतो.

३) दस्ता. जुने लाकूड आकसते, म्हणून लोखंड आणि लाकूड यांच्यात बारीक फट पडते. वापराची झीज गालाजवळ, मुठीजवळ आणि पकडीच्या जागी असते. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती रेतीकागदाची.

४) स्क्रू. हाताने पाडलेले आटे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. सगळे स्क्रू एका मापाचे निघाले तर ते कारखान्याचे.

५) शिक्के. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मालावर बदामाच्या आकाराचे चिन्ह असे, पुढे उभा सिंह आला. मुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि साल हे शिक्के मात्र नकलेवर सर्रास मारतात. खरा शिक्का खोल असतो आणि त्याच्या कडा झिजलेल्या असतात. इटालियन चालत्या नकलेच्या नळीवर सरकारी चाचणीघराचे शिक्के असतात, त्यात काळ्या दारूसाठी 'पीएन' ही अक्षरे आणि सालाची खूण असते. असा शिक्का दिसला तर तो माल शोभेचा नाही, हे पक्के समजावे.

एका खुणेवरून निकाल देऊ नये. जुन्या नळीला नवा दस्ता, किंवा जुन्या दस्त्याला नवा चाप, असा जोडमालही पुष्कळ फिरतो.

कानाचे भोक आणि कायदा

नळीच्या बुडाशी ज्या बारीक भोकातून ठिणगी आत जाते त्याला कान म्हणतात. आपल्या देशात बनलेल्या जुन्या धाटणीच्या बंदुका अमेरिका-कॅनडातल्या हौशी मंडळींना विकल्या जातात, त्या कित्येकदा कान न पाडता पाठवतात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात तोंडाकडून भरायच्या अशा नकलांना बरीच सूट आहे. ते ऐकून आपल्याकडचा कारागीर समजतो की कान पाडला नाही म्हणजे झाले. हा समज घातक आहे.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४५ प्रमाणे कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार कायद्याबाहेर राहते, पण एका अटीवर. ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसेही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. ज्या नळीला एक भोक पाडले की बार उडेल, ती या अटीत कशी बसणार? सबब शोभेच्या बंदुकीची नळी भरीव सळईची असावी आणि केवळ तोंडाशी थोडे कोरून भोकाचा भास द्यावा. पोकळ नळी वापरूच नये.

कलम ५ प्रमाणे विक्रीसाठी बंदूक बनवणे, विकणे आणि दुरुस्त करणे यांना परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीची खरी करणे यालाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने या दोन्ही गुन्ह्यांची शिक्षा किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली आहे. शेजारच्या शेतकऱ्याने 'घोडा सैल झालाय, जरा पाहता का' म्हणून बंदूक आणली, तरी परवाना नसलेल्या लोहाराने तिला हात लावू नये. गिऱ्हाइकाची खात्री पटवण्यासाठी दारू भरून बार काढून दाखवणे तर मुळीच नको.

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. त्यामुळे एखाद्या घरातली बंदूक रीतसर असू शकते. पण परवाना माणसाचा असतो. परवानाधारक वारला किंवा मुदत संपली तर कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसांकडून 'भंगार' म्हणून ती उचलणारा व्यापारी स्वतःच अडकतो. आपल्या ग्रामीण भागासाठी परवान्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे चालते. शंका असेल तर तिथे अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे.

आणखी एक बाब. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला वेगळा परवाना लागतो आणि खासगी व्यापाऱ्याला ती परदेशी पाठवता येत नाही.

भाव कसा बांधावा?

शोभेच्या मालाचा भाव खर्चावरून बांधावा. उदाहरणादाखल आकडे धरू. लाकूड ९०० रुपये, सळई व पत्रा ७००, पितळी जडकाम ६००, चार दिवसांची मजुरी रोज ७०० प्रमाणे २,८००, पॉलिश व बांधणी ४००. एकूण ५,४००. त्यावर घट व मोडतोड १० टक्के म्हणजे ५४०, बेरीज ५,९४०. त्यावर २० टक्के नफा १,१८८. भाव झाला ७,१२८ रुपये. यात निम्म्याहून अधिक खर्च मजुरीचा आहे हे ध्यानात घ्यावे. पुष्कळ कारागीर आपली मजुरी धरतच नाहीत आणि उरले ते नफा समजतात. अशा धंद्यात बरकत राहत नाही.

अस्सल मालाचा भाव खर्चावरून ठरत नाही. तिथे पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. कागदपत्र आहेत का? सगळे भाग मूळचे आहेत का? नळी व चाप कोणत्या अवस्थेत आहेत? बनवणाऱ्याचे नाव किंवा शिक्का आहे का? वस्तू कोणत्या घरातून आली याचा पुरावा आहे का? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर पुढचे चार विचारू नयेत, कारण जो माल रीतसर विकता येत नाही त्याचा आपल्यासाठी भाव शून्य. गज नवा असेल तर भाव थोडा उतरतो, चाप बदललेला असेल तर बराच. जुना रंग घासून चकचकीत केलेली बंदूक हौशी गिऱ्हाईक कमी भावाने मागतो. तेव्हा आलेला माल धुऊन-घासून ठेवण्याची घाई करू नये.

चालत्या नकलेचा परदेशी कॅटलॉगातला भाव आपल्याकडे लावू नये. तिथे ती खेळाची वस्तू आहे, इथे ते परवान्याचे हत्यार आहे.

सराव

समजा तीन बंदुका समोर आहेत. पहिलीवर 'टॉवर' आणि १८५६ साल आहे, पण नळीत शिवण आहे आणि सगळे स्क्रू सारखे आहेत. दुसरीवर 'पीएन' शिक्का आहे, माल उत्तम आहे, कागद नाहीत. तिसरी भरीव सळईची, नवी, सुबक जडकामाची. गिऱ्हाईक पहिलीला सर्वांत जास्त पैसे देईल, दुसरीवर भाळेल आणि तिसरीला खेळणे म्हणेल. आपण मात्र उलट चालावे. पहिली अस्सल नाही आणि तिची नळी पोकळ आहे, म्हणून नको. दुसरी परवान्यावाचून घेणे हाच गुन्हा, म्हणून तीही नको. बिनघोर विकता येईल अशी फक्त तिसरी.

ती विकताना पावतीवर 'शोभेची प्रतिकृती, नळी भरीव, उडत नाही' असे स्पष्ट लिहावे. एसटीने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवताना त्या पावतीची प्रत पार्सलमध्ये ठेवावी. आणि खोटे साल कोरण्याऐवजी कारागिराने स्वतःचे नाव, गाव आणि खरे साल कोरावे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचे नाव आजही तोफेवर वाचता येते. नक्कल म्हणून उघडपणे विकलेल्या चांगल्या वस्तूला तिचे गिऱ्हाईक मिळते आणि ते पुन्हा त्याच दुकानात येते. अस्सल म्हणून खपवलेली नक्कल एकदाच विकली जाते.