स्पीकरची वायर तूच जोड

अगं, "वायरचं मला काही कळायचं नाही, यांचे मित्र येतील रविवारी, तेच लावून देतील" असं तू फोनवर म्हणालीस ना, ते मला मुळीच आवडलं नाही. रागावून नाही सांगत. पैसे बाजूला टाकून अँप्लिफायर आणि पाच स्पीकर घेतलेस तू, दुकानात बसून ऐकून निवडलेस तू, आणि जोडायची वेळ आली की बाजूला होणार? स्वयंपाक करताना गाणी ऐकणार तूच, आणि उद्या एका स्पीकरचा आवाज गेला तर कुणाच्या तरी रविवारची वाट पाहणारही तूच. यातलं सगळं तुला समजण्यासारखं आहे. बस जरा, सांगते.

तुझ्या गॅलरीतून तारांचे मनोरे दिसतात. जावईबापूंच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. जनित्रातून वीज निघते ती पंधरा-सोळा हजार व्होल्टने, पण ती तशीच लांबच्या तारांवर सोडत नाहीत. आधी ट्रान्सफॉर्मरने दाब २२० केव्हीपर्यंत, म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्टपर्यंत चढवतात. कारण तारेत उष्णता होऊन जे वाया जातं, ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात पोचते, आणि प्रवाह निम्मा झाला की नुकसान चौथाईवर येतं. जावईबापूंना विचार, ते तुला हे झोपेतही सांगतील.

स्पीकरकडे नेमकी उलटी स्थिती असते. आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे तर दाब अवघा २० व्होल्ट आणि प्रवाह अडीच अँपिअर. तेवढेच ५० वॉट २३० व्होल्टवर घेणाऱ्या पंख्याला पाव अँपिअरही लागत नाही. दाब कमी, प्रवाह जास्त, म्हणून वायरचा स्वतःचा रोध इथे लगेच आडवा येतो. त्यावर उपाय दोनच: वायर जाड घ्यायची आणि जमेल तितकी आखूड ठेवायची. बाकी दुकानदार जे जे सांगेल, ते या दोन गोष्टींनंतर.

किती जाड, तेही सांगते. वायरचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. एकूण म्हणजे जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा धरून. हे बरेच जण विसरतात. आठ ओहमला ०.४, सहा ओहमला ०.३, चार ओहमला ०.२. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला दर मीटरला साधारण ०.०१७ ओहम रोध असतो. म्हणजे एक चौरस मिलिमीटरची जोडवायर आठ ओहमच्या स्पीकरला अकरा मीटरपर्यंत बिनधास्त चालते, दीड चौरस मिलिमीटरची सतरा मीटरपर्यंत. चार ओहमचा स्पीकर असेल तर ही अंतरं निम्मी कर. तुझ्या स्पीकरच्या पाठीवर ओहमचा आकडा छापलेला असेल, आधी तो वाच. तुझ्या हॉलमध्ये पुढचे तीन स्पीकर टीव्हीपाशीच आहेत, त्यांना दोन-तीन मीटर पुरतं. खरा प्रश्न मागच्या दोघांचा, कारण सोफ्यामागे जायचं तर वायरला दाराच्या चौकटीवरून वळसा पडतो.

आता दुकान. बिटको चौकाकडे जा नाहीतर नाशिकला एमजी रोडला, पण काउंटरवर नुसतं "स्पीकरची वायर द्या" म्हणू नकोस. तसं म्हटलं की केसासारखी पातळ वायर हातात पडते. "४०/७६ दाखवा" म्हण. या आकड्यांत गूढ काही नाही. वायरमध्ये ४० बारीक तारा आहेत आणि प्रत्येक तार ०.००७६ इंच जाड आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या मिळून जाडी सव्वा चौरस मिलिमीटरच्या थोडी आत येते. काही जण तिलाच ४०/३६ म्हणतात. ३६ हा त्या बारीक तारेचा गेज. १४/७६ आणि २३/७६ सुद्धा मिळतात. पहिली तर घेऊच नकोस. दुसरी टीव्हीपाशी दोन मीटरला चालेल, पण दोन प्रकार आणून गोंधळ कशाला? पुढच्या तिघांना ४०/७६ भरपूर झाली. मागच्यांचं अंतर दहा-अकरा मीटरवर गेलं आणि स्पीकर सहा ओहमचे निघाले, तर त्या दोघांना दीड चौरस मिलिमीटरची दोन कोअरची लवचीक वायर घे. ती इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते, पुण्याच्या फिनोलेक्ससारख्या कंपन्यांची, आयएसआय शिक्क्याची. तांबं ते तांबंच. वेष्टनावर "स्पीकर" लिहिलेलं नाही म्हणून गाणं बिघडत नाही.

आणि हे अगदी कानात सांगते, दुकानात विचारायला लाजू नकोस: टोक सोलून दाखवायला सांग. सोललेल्या तारा मोज. ४० म्हटल्या तर ४० भरल्या पाहिजेत. मग एक तार ब्लेडने हलकेच खरवड. आतून लालसरच दिसली तर तांबं. पांढरट चकाकी दिसली तर ते वरून तांब्याचा पातळ थर दिलेलं अॅल्युमिनियम. दिसायला हुबेहूब, हाताला हलकं, किमतीला स्वस्त. पण त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच असतो, आणि स्क्रूखाली दोनदा वाकवलं की तार तुटते. काही वायरींत एक बाजू लाल आणि एक रुपेरी असते, त्याला घाबरू नकोस. रुपेरी बाजूला कथलाचा मुलामा असतो, खरवडलं की खाली तांबंच लागतं. खरेदीत फसायची जागा हीच एक आहे, म्हणून इथे वेळ घालव. मागे लोक उभे असले तर उभे राहू देत.

महागड्या वायरींच्या डब्याला मात्र हात लावू नकोस. ऑक्सिजन नसलेलं तांबं, सोन्याचा मुलामा, वायरवर काढलेले दिशेचे बाण, हे सगळं दाखवतील. चांगल्या साध्या तांब्यात आणि त्यात रोधाचा फरक इतका थोडा असतो की कानाला कळत नाही. स्पीकरला जाणारा प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलणारा. त्याला बाणाचं काय? दोन्ही बाजूंची वायर मापून अगदी सारखीच हवी, हेही सांगतील. जाडी सारखी ठेव, लांबीचं मनावर घेऊ नकोस. वायरमधून संकेत सेकंदाला लाखभर किलोमीटरच्या वर धावतो, पाच-सात मीटरच्या फरकाने गाणं मागेपुढे होत नाही. सोन्याच्या पिनेचे पैसे वाचव आणि मागच्या दोन स्पीकरना भिंतीवर धड बसणारे ब्रॅकेट घे.

वायर टाकताना एक लक्षात ठेव, तुमचं ते क्वार्टर आहे. आज एकलहरे, उद्या बदलीचा कागद आला की कोराडी नाहीतर भुसावळ. भिंत फोडून आतून वायर न्यायच्या भानगडीत पडू नकोस. खाली स्कर्टिंगच्या कडेने प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मार, चौकटीवरून फिरव, उद्या सोलून बरोबर नेता येईल. मोजताना सरळ रेषेत नाही, त्याच वळणावळणाने टेप लावून मोज आणि प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जास्त धर; कपाट सरकवलं की तो अर्धा मीटर उपयोगी पडतो. आणि घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमधून स्पीकरची वायर कधीच ओवू नकोस, कुणी कितीही "चालतंय हो" म्हणालं तरी. आतल्या आत आवरण सोललं गेलं तर स्पीकरच्या वायरीत मेनची वीज येईल, आणि तिला तुझी पोरं हात लावतात. तसंच वायरच्या टोकाला साधी टू-पिन लावून "काढघाल सोपी" करू नकोस. लहान मुलाला ती पिन नेऊन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायला वेळ लागत नाही.

जोडायला बसशील तेव्हा अँप्लिफायर बंद कर, आणि नुसता बंद नको, प्लगच काढून ठेव. वायरचं टोक सेंटिमीटरभर सोल. स्ट्रिपर आण, दाताने किंवा सुरीने सोललं की चार-पाच तारा कापल्या जातात. सुटलेल्या तारांना वेणीच्या टोकाला देतेस तसा घट्ट पीळ दे. मग लाल खुंटीच्या भोकात एक, काळ्यात दुसरी, आणि फिरवून आवळ. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. एक जरी केसाएवढी तार लालवरून काळ्याला टेकली, तर अँप्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, आणि साधा असेल तर त्याचा आउटपुट जळतो. इथे डोळ्यांत तेल घालून बघ. टोकाला सोल्डर करून द्यायची पद्धत आहे, पण स्क्रूने आवळायच्या खुंटीत ते नको. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो. बनाना पिना लावल्यास तर चांगलंच, काढघाल सोपी आणि सुट्या तारांची भीती नाही.

अँप्लिफायरकडचं टोक जोडण्याआधी तिथे मल्टिमीटर लाव, वायर स्पीकरला जोडलेली असू दे. आठ ओहमच्या स्पीकरला सहा-सातच्या आसपास आकडा येतो, तो बरोबर आहे. शून्याजवळ आला तर कुठेतरी तारा एकमेकींना टेकल्यात. आकडाच आला नाही तर कुठेतरी तुटलंय.

लाल-काळ्याचं भान शेवटपर्यंत ठेव. अँप्लिफायरच्या लालमधून निघालेली तार स्पीकरच्या लालमध्येच जायला हवी. एका स्पीकरला उलट झालं तर जळत काही नाही, पण एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. तबल्याचा बायाँ पातळ पडतो, आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा न राहता खोलीभर विरतो. तुमच्या वसाहतीत कुणी ना कुणी रात्रपाळीहून येऊन झोपलेलं असतं, तुला बहुतेक वेळा हळू आवाजातच ऐकायचंय. तेव्हा ही चूक फार जाणवते. तपासायचं असेल तर १९५५ साली आकाशवाणी पुण्यावर गीतरामायण सुरू झालं, त्या काळातलं कुठलंही मोनो ध्वनिमुद्रण लाव, फक्त पुढचे डावे-उजवे दोन स्पीकर चालू ठेव आणि त्यांच्या बरोबर मध्ये बस. आवाज समोरच्या भिंतीच्या मध्यावरून यायला हवा. शंका आली तर अँप्लिफायर बंद करून एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कर आणि पुन्हा ऐक. ज्या जोडणीत खालचे स्वर भरून येतात, ती बरोबर. मोठ्या स्पीकरचं टोक नक्की कळत नसेल तर अँप्लिफायरकडची वायर काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. पडदा बाहेर आला तर सेलचं धन टोक ज्या तारेला लागलं ती लाल.

आणखी एक. मंडळाचा जुना अहुजा पडून आहे, गच्चीत त्यावर दोन जादा स्पीकर लावू, असं जावईबापू म्हणत होते. त्या अँप्लिफायरला १०० व्होल्टची लाइन असते. गावभर भोंगे लावायला ती उत्तम, कारण मनोऱ्यांचीच युक्ती तिथे वापरलेली आहे: दाब चढवला, प्रवाह उतरला, बारीक वायर लांबपर्यंत पुरली. पण त्या भोंग्यांत दाब उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तुझ्या घरच्या स्पीकरमध्ये नाही. त्या खुंट्यांना घरचे स्पीकर लावले तर कॉइल जळून जाईल. आणि घरच्या अँप्लिफायरच्या एकाच जोडीवर दोन आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की त्याला ते चार ओहम दिसतात. मागच्या पट्टीवर चार चालतात असं लिहिलेलं असेल तरच तसं कर.

आज संध्याकाळी टेप घेऊन हॉल मोज, स्पीकरच्या पाठीवरचे ओहम वाच आणि अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. मी रात्री नऊनंतर मोकळी आहे. मीटर आणि जाडी आपण फोनवर ठरवू, म्हणजे शनिवारी तू वायर घेऊनही येशील. रविवारी मित्र येतीलच, त्यांना चहाला बसव आणि तू जोडलेल्या स्पीकरवर गाणं लाव.