सव्वीस जानेवारीला धावणार असाल तर

"डॉक्टर, सव्वीस जानेवारीच्या मॅरेथॉनला नाव दिलंय. चालेल नव्हं?" थंडी पडली की दवाखान्यात हा प्रश्न सुरू होतो. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं कमी असतात. चाळिशी ओलांडलेले शिक्षक, दुकानदार आणि बचत गटातल्या बायका जास्त असतात. माझं उत्तर एकच आहे. जरूर धावा, पण सराव आजपासून सुरू करा आणि शेजारच्याने दहा किलोमीटरला नाव दिलं म्हणून तुम्ही देऊ नका.

चालणं आपल्या भागाच्या अंगवळणी पडलेलं आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही आपल्याच मुलखातली वाट दर पावसाळ्यात कितीतरी लोक चिखल तुडवत चालतात. शेजारच्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तर 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. त्यामुळे "पाच किलोमीटर म्हणजे काय मोठं?" असं वाटणं साहजिक आहे. शेतात राबणाऱ्यालाही वाटतं की आपलं अंग कमावलेलं आहे, सरावाची गरज काय. भांगलणीने, वैरणीचे भारे उचलून ताकद येते हे खरं. पण अर्धा-पाऊण तास सलग वाढलेले ठोके पेलण्याची सवय हृदयाला वेगळी लावावी लागते. वर्षभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाबद्दल तर बोलायलाच नको.

त्यात जानेवारीची पहाट. शाळी नदीकडून धुकं वर येतं, हाताची बोटं बधिर होतात. अशा गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि तेच रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून शर्यतीआधी दहा-पंधरा मिनिटं भरभर चाला, हळूहळू पळा, सांधे मोकळे करा आणि अंगात ऊब आल्यावरच स्वेटर काढा. संयोजकांना इथे माझी कळकळीची विनंती आहे. झेंडावंदन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं सगळं आधी उरका किंवा नंतर ठेवा. अंग तापवून तयार झालेल्या माणसांना पातळ बनियनवर अर्धा तास भाषण ऐकत उभं करू नका.

धावण्याला घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यांत 59 जणांचं हृदय धावताना किंवा धावून झाल्या झाल्या बंद पडलं, म्हणजे साधारण 1 लाख 84 हजारांत एकाचं. धोका इतका कमी आहे. पण त्या 59 जणांत पुरुषच फार होते आणि बऱ्याच जणांना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात किंवा ती संपताच त्रास झाला. मला भीती वाटते ती याच टप्प्याची. शेवटची कमान दिसते, हलगी कडाडते, ओळखीची माणसं नाव घेऊन ओरडतात आणि इतका वेळ शहाण्यासारखा धावलेला माणूस जिवाच्या आकांताने सुसाट सुटतो. दमलेल्या हृदयावर हा अचानक भार टाकू नका. ज्या वेगाने आलात त्याच वेगाने रेषा ओलांडा. पुढे लगेच थांबू किंवा बसू नका, कारण पायांत उतरलेलं रक्त तिथेच साचून भोवळ येते. पाच-दहा मिनिटं चालत राहा.

धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि मदत मागा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.

आणि कुणी कोसळलंच तर? मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठायचं तर ते इथून सुमारे 45 किलोमीटरवर आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर कुणी दाब दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या माणसालाच हात घालावा लागतो. खांदे हलवून हाक मारा. ओ देत नसेल आणि श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाला 108 ला फोन करायला सांगा. तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. त्याला सपाट जमिनीवर उताणा ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग टेकवा, त्यावर दुसरा हात ठेवा, कोपरं ताठ करा आणि अंगाचा भार टाकून छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला 100 ते 120 दाब हवेत. यात दमायला होतं, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. शर्यतीतल्या स्वयंसेवकांना संयोजकांनी हे आधी शिकवलंच पाहिजे.

सराव साधा ठेवा. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास. सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, मग पळणं हळूहळू वाढवत न्या. सोबतच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. अंधारात रत्नागिरी रस्त्यावर मात्र पळू नका. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या धुक्यात दिसत नाहीत. उजाडू द्या किंवा शाळेचं मैदान गाठा. पाचट जाळल्याचा धूर असेल त्या दिवशी सुट्टी घ्या, दमेकऱ्यांनी तर नक्कीच. बूट शर्यतीच्या दिवशी नवे घालू नयेत.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा बेताने. सकाळी तासभर आधी एखादं केळं पुरे. थंडीत तहान कळत नाही, तरी पाणी घोट-घोट प्या. भीतीपोटी लिटर-लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. "पाय दुखू नयेत" म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची खोड मला फार खटकते. घामाने पाणी कमी झालेल्या अंगात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. ताप असेल किंवा नुकताच येऊन गेला असेल तर धावूच नका. बीपीची गोळी चुकवू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचा डोस आधी विचारून घ्या, उपाशी पळू नका आणि खिशात साखर ठेवा. लवकर धाप लागणाऱ्या भगिनींनी एकदा हिमोग्लोबिन तपासावं. ते कमी निघालं तर आधी लोहाच्या गोळ्या, मग शर्यत.

चाळिशी ओलांडली असेल आणि बीपी, साखर, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार यांतलं काही असेल, तर सराव सुरू करण्याआधी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.