नवऱ्याचा कागद नसला तरी

गेल्या महिन्यात तपासणीला एक तिशीची बाई आली. क्षयाच्या गोळ्यांचा दुसरा महिना, वजन 38 किलो. मधल्या चार दिवसांच्या गोळ्या चुकल्या होत्या. का, असं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, निराधारच्या पैशांसाठी तहसीलच्या फेऱ्या चालल्यात. पहाटेची एसटी धरायची. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, गाडीत उलटी झाली तर काय करू?" आजार कळल्यावर नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. सोडचिठ्ठी नाही, पोटगी नाही. आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, घटस्फोटाचा कागद आणा.

अशा बाया मला वरचेवर भेटतात. त्यांच्यातली एखादी, किंवा तिची आई, भावजय हे सदर वाचत असेल, म्हणून आज गोळ्यांइतकंच कागदांबद्दल लिहिते.

ताई, तुमचा अर्ज नवऱ्यामुळेच अडला पाहिजे असं नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना 1500 रुपये मिळतात. घटस्फोटाचं प्रकरण चालू असलेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या बाईला त्यात जागा आहेच. पण त्याच यादीत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या आजारामुळे पोट भरू न शकणारी माणसंही आहेत. नवऱ्यानं टाकल्याचा पुरावा हातात नसेल तर आजाराच्या कारणावरून अर्ज करा. त्यासाठी दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांचा लागतो. मीही पूर्वी केसपेपरवर 'क्षयरोग, उपचार चालू' एवढंच लिहून द्यायची. त्या चिठ्ठीवर बाया रिकाम्या हातानं परत यायच्या, आणि ती चूक माझी होती. दाखल्यात आजाराचं नाव, उपचार कधी सुरू झाले आणि सध्या कष्टाचं काम झेपत नाही, हे स्वच्छ लिहिलेलं हवं. तसं लिहून मागताना संकोच करू नका.

कुटुंबाच्या उत्पन्नाची अट मात्र वर्षाला 21 हजारांची आहे. म्हणजे महिन्याला 1750 रुपये. एवढ्यात कुठलं घर चालतं? ही मर्यादा वाढलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरे पैसे आहेत निक्षय पोषण योजनेचे. उपचार चालू असेपर्यंत महिना 1000 रुपये; नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. यात लग्नाचा प्रश्नच येत नाही, फक्त तुमची नोंद आणि बँक खातं लागतं. घोळ होतो तो खात्याचाच. सासरी असताना उघडलेल्या खात्याचं पासबुक आणि एटीएम कार्ड तिकडेच राहिलेलं असतं. आरोग्य केंद्रातल्या क्षयरोग कर्मचाऱ्याला विचारा, माझ्या नावापुढे कोणतं खातं लागलंय? जुनं असेल तर माहेरच्या गावात नवं उघडून बदलून घ्या. गाव बदललं म्हणून उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. तीच नोंद इकडे आणता येते.

हे पैसे औषधाइतकेच मोलाचे आहेत. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. रुग्णांच्या घरच्यांना धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाणही 39 टक्क्यांनी घटलं. 38 किलोच्या बाईला वाढवायचे आहेत जेमतेम दोन किलो. अंडी, शेंगदाणे, डाळ, मटकी यांवर हे हजार रुपये खर्च करा आणि घरात सांगा की हे ताईचं औषध आहे, त्यात वाटणी नको.

पहाटे निघायचं असेल तर त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते आम्हाला आधी विचारा, पण गोळी सोडू नका. मळमळीवर उपाय आहे. लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली तर मात्र त्याच दिवशी या. दोन महिन्यांत ताप-खोकला जातो आणि बरं झालो असं वाटतं. तिथे गोळ्या थांबवल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होतो.

नवऱ्याबद्दल एवढंच: बायकोला क्षय झाला, हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. पोटगी मागायला आधी घटस्फोट लागत नाही. तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

तहसीलात अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज घेतला नाही तर का घेतला नाही ते लिहून मागा. आणि पुढच्या तपासणीला येताना वजनाच्या कार्डाबरोबर ती पोचही आणा, मला दोन्ही बघायचं आहे.