नजर जिथे, चाक तिथे

आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४



आजचं चिंतन टाइप करताना डाव्या कोपराला पट्टी बांधलेली आहे. त्याचं कारण आधी सांगतो.

माझं ऑफिसचं काम धाराशिवला घरूनच चालतं. परदेशातल्या टीमबरोबरच्या मीटिंग संध्याकाळी सहानंतर सुरू होतात, म्हणून साडेचार ते साडेपाच हा तास मोकळा असतो. त्या तासात मी माउंटन बाईक काढतो आणि शहराबाहेरच्या बालाघाटच्या डोंगराकडे जातो, कधी हातलाईच्या बाजूला, कधी धाराशिव लेण्यांच्या बाजूला. डांबरी सोडली की गुराढोरांच्या पायवाटा लागतात. वर सुटा मुरूम, मधेच काळा दगड, पावसाने पाडलेल्या घळी. आठ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ही वाट चांगलीच जागं करते.

उतारावर काही नियम पाळावे लागतात. सीट खाली घ्यायची, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायचे, अंग मागे न्यायचं, ब्रेकवर एकेकच बोट. पुढचा ब्रेक घाबरून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. पण या सगळ्यांच्या आधीचा नियम नजरेचा. दगडाकडे बघायचं नाही, दगडाच्या बाजूने जी वाट जाते तिच्याकडे बघायचं. डोळे जिकडे वळतात तिकडे मान वळते, मग खांदे, मग हँडल.

हे सगळं मला पाठ आहे. तरी काल पडलो. घळीच्या कडेला एक मोठा दगड होता. "याच्यावर जायचं नाही, जायचं नाही" असं म्हणत मी त्याच्याकडेच बघत राहिलो, सरळ त्याच्यावर गेलो आणि शेवटच्या क्षणी नेमका पुढचा ब्रेक आवळला. शेळ्या चारणारे एक आजोबा धावत आले. सायकल उभी केली, मला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "वाट येवढी रुंद हाय, मग तिथंच कसं गेलाव?"

आजचे श्लोक याच प्रश्नाचं उत्तर देतात. भगवंत अर्जुनाला पायरी-पायरीने घसरण दाखवतात. विषयाचं सतत चिंतन केलं की आसक्ती येते, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह. मोहाने स्मृती जाते, स्मृती गेली की बुद्धी, आणि बुद्धी गेली की माणूस स्वतःच जातो. सुरुवात बघा कुठून आहे! हातून काही घडण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या चिंतनातून.

आता खरी गोष्ट कबूल करतो. दगड दिसला तेव्हा माझं मन घळीत नव्हतंच. तीन आठवड्यांपूर्वी टीमचं नेतृत्व माझ्याऐवजी एका धाकट्या सहकाऱ्याला मिळालं. त्याला काम मीच शिकवलं होतं. तेव्हापासून दिवसरात्र तोच विषय. त्याचा कोड तपासायला आला की मी चुका शोधायचो, नसल्या तर काढायचो. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या ढीगभर चुका एका सिनिअरने शांतपणे दुरुस्त करून दिल्या होत्या, हे मी साफ विसरलो. उतारावर ब्रेकचा नियम विसरलो, तसंच. स्मृती जाते म्हणजे काय, ते मला काल कळलं.

आणखी एक गोष्ट. दगड मला हवा थोडाच होता? नको होता, म्हणूनच त्याच्याकडे बघत होतो. चौसष्टाव्या श्लोकात भगवंत आसक्तीबरोबर द्वेषही सोडायला सांगतात, तो यासाठीच. "नको नको" म्हणणं हेसुद्धा चिंतनच की. पण विषयांपासून पळून जा, असं ते म्हणत नाहीत. इंद्रियं ताब्यात ठेवून विषयांमध्येच वावरणाऱ्याला मनाची प्रसन्नता मिळते, असं म्हणतात. म्हणजे डोंगर सोडायचा नाही आणि ऑफिसही सोडायचं नाही. नजर तेवढी वाटेवर ठेवायची.

काल रात्री त्याचा चार दिवस अडवून ठेवलेला कोड उघडला. ठीक होता. मंजूर केला आणि आधीच्या शेऱ्यांबद्दल माफी मागणारा मेसेज पाठवला. मन लगेच हलकं झालं असं नाही. आज सकाळीही एकदा नजर तिकडे गेलीच. परत वळवली.

आजचा संकल्प : जो माणूस किंवा जी गोष्ट आज मनात सारखी येते, ती आली की एकदा थांबून विचारूया, माझी वाट कुठे आहे?

प्रार्थना : हे पांडुरंगा, रस्त्यातले दगड काढून टाक असं मागत नाही. माझे डोळे तेवढे वाटेवर राहू देत.

रामकृष्ण हरी.